जीवशास्त्रातील पीएच.डी.: सजीवांचे वेळापत्रक आणि घरचे वेळापत्रक कसे जुळवावे

द्राक्षवेलीवर पडणारा केवडा, ज्याला नाशिकचे बागायतदार सरसकट डाऊनी म्हणतात, त्याचा रोगकारक जीव कोणत्याही कृत्रिम माध्यमावर, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या खाद्यावर, वाढत नाही. त्याला जिवंत पान लागते. म्हणून त्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी निरोगी पानांच्या लहान चकत्या कापतात, पानाची खालची बाजू वर येईल अशा रीतीने त्या पाणी-अगारवर, म्हणजे ओलावा धरणाऱ्या जेलीसारख्या थरावर, मांडतात आणि आठ-दहा दिवसांनी चकतीवर पांढरी लव दिसू लागली की ती मऊ ब्रशने टिपून ताज्या चकत्यांवर उतरवतात. ही फेरी सलग चुकली, तर गेल्या ऑक्टोबरमध्ये निफाडच्या एखाद्या बागेतून मिळवलेला तो नमुना कायमचा हातचा जातो, कारण त्या हंगामातला तोच जीव पुन्हा मिळत नाही. मग ती फेरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आली काय किंवा बहिणीच्या हळदीच्या दिवशी आली काय, कोणालातरी प्रयोगशाळेत जावेच लागते.

जीवशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्याच्या खासगी अडचणी, म्हणजे घरच्यांची नाराजी, पैशाची ओढाताण, बिघडलेली झोप, मार्गदर्शकाशी होणारे मतभेद, या वरवर वेगवेगळ्या दिसतात. परंतु त्यांतील बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी असते. इतिहासाच्या किंवा गणिताच्या संशोधकाचे कागद चार दिवस टेबलावर पडून राहू शकतात. येथे मात्र ज्यावर काम करायचे तो जीव स्वतःच्या गतीने वाढतो, मरतो आणि हंगामाला बांधलेला असतो. त्यामुळे संशोधकाचा वेळ पूर्णपणे त्याच्या ताब्यात कधीच नसतो. हे आरंभीच मान्य करून, आधी त्या जीवाचे वेळापत्रक मांडावे आणि मग घर, पैसा व प्रकृती यांची व्यवस्था त्याभोवती लावावी, अशी नाशिकमध्ये राहून संशोधन करणाऱ्यांसाठीच्या या मार्गदर्शनाची दिशा आहे.

विषय ठरवतानाच बारा महिन्यांचा तक्ता करा

विषय निवडताना विद्यार्थी सहसा विषयाचे महत्त्व आणि उपकरणांची उपलब्धता एवढेच पाहतात. त्याच्या जोडीला एक व्यावहारिक प्रश्न विचारावा: हा जीव माझ्याकडून आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वेळी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत हजेरी मागणार आहे? ड्रोसोफिला ही फळमाशी २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत साधारण दहा दिवसांत पोहोचते, म्हणून तिच्यावरील काम झपाट्याने पुढे सरकते. परंतु संकरासाठी लागणाऱ्या अस्पर्श (नराशी संबंध न आलेल्या) माद्या कोशातून बाहेर आल्यापासून सुमारे आठ तासांच्या आत वेगळ्या कराव्या लागत असल्याने, संकराच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यावी लागते आणि त्यात रविवारही येतो. पेशीसंवर्धनात दर दोन-तीन दिवसांनी पेशी नव्या भांड्यात हलवाव्या लागतात. उलट कांद्यासारख्या द्विवर्षायू पिकात पहिल्या हंगामात कंद आणि पुढच्या हंगामात त्या कंदापासून बी मिळते. लासलगाव परिसरातल्या घरात वाढलेल्या मुलामुलींना हे सांगावे लागत नाही, पण त्याचा हिशेब पीएच.डी.च्या मुदतीशी मात्र अनेकजण घालत नाहीत.

तो हिशेब असा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा कालावधी कोर्सवर्क (सुरुवातीचा ठरावीक अभ्यासक्रम) धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे असतो. पुनर्नोंदणी करून जास्तीत जास्त आणखी दोन वर्षे मिळू शकतात. पहिले वर्ष बव्हंशी कोर्सवर्क, आराखडा आणि मंजुरी यांत जाते, शेवटचे लेखनात जाते. उरलेल्या चार वर्षांत शेतावरच्या विषयाला चारच हंगाम मिळतात. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने आणि गारपिटीने प्रायोगिक बागच झोडपली, तर तीन. बी-ते-बी पिढ्या मोजायच्या असतील तर कांद्यात त्या दोन-तीनच्या पुढे जात नाहीत. म्हणून हंगामी विषय घेणाऱ्याने संशोधनाचा किमान एक भाग असा ठेवावा, जो वर्षभर छपराखाली चालेल: साठवलेल्या नमुन्यांच्या डीएनएचे विश्लेषण, किंवा हरितगृहातील कुंड्यांवरचे काम. मार्गदर्शक कितीही अनुभवी असले तरी हा पर्यायी भाग विद्यार्थ्याने स्वतःच मागून घ्यावा, कारण हंगाम बुडाल्याची किंमत विद्यार्थ्याच्या वयातून वजा होते.

आता एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखावेत. पहिल्या ओळीत जीवाच्या गरजा लिहाव्यात. द्राक्षावर काम असेल तर एप्रिलमधील खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणी आणि त्यानंतर पाऊस पडल्यास डाऊनीचा धोका वाढण्याचे आठवडे. अंजनेरीच्या पठारावर आढळणाऱ्या सेरोपेजिया अंजनेरिका या वनस्पतीसारख्या प्रजातीवर काम असेल तर पावसाळ्यातील फुलोऱ्याचे मोजके दिवस. आणि त्याआधी चार-पाच महिने वनखात्याकडे परवानगीचा अर्ज, कारण तो अर्ज जूनमध्ये टाकणाऱ्याला त्या वर्षीची फुले केवळ छायाचित्रांत पाहावी लागतात. दुसऱ्या ओळीत घरच्या गोष्टी याव्यात: तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई, घरची बाग असल्यास द्राक्षतोडणीचे महिने, आईवडिलांच्या शस्त्रक्रिया किंवा तपासण्या, भावंडांच्या परीक्षा. तिसऱ्या ओळीत कागदोपत्री तारखा: प्रत्येक सत्रातील संशोधन सल्लागार समितीची बैठक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आरएसी, अधिछात्रवृत्तीचे (फेलोशिपचे) अहवाल, शुल्काच्या मुदती.

तीन ओळी एकत्र पाहिल्या की टकरीच्या जागा लगेच दिसतात. गोदावरीच्या पाण्यातील जीवाणूंवर काम करणाऱ्याचे उदाहरण घेतले तर नाशिकपुरती एक खास टक्कर दिसेल. २०२६-२७ च्या सिंहस्थातील पर्वण्या हा त्याच्यासाठी बारा वर्षांतून एकदा येणारा नमुने घेण्याचा काळ आहे, नमुने थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासणीला लावावे लागतात, रस्ते बंद असणार आहेत, आणि नेमक्या त्याच दिवशी गावोगावचे पाहुणे पंचवटीतल्या त्याच्या घरी उतरणार आहेत. ही गोष्ट वर्षभर आधी कागदावर आली तर पास, बर्फाची पेटी, नदीच्या ज्या काठाला प्रयोगशाळा आहे त्याच काठावर मुक्काम आणि पाहुण्यांसाठी मदतीला आत्या किंवा मामी, या सगळ्यांची सोय होऊ शकते. तक्त्याची एक प्रत प्रयोगशाळेत आणि एक घरी स्वयंपाकघरात लावावी. माझ्या मते दुसरी प्रत जास्त कामाची असते.

घरच्यांशी बोलणे

घरचे लोक संशोधनाच्या विरोधात क्वचितच असतात. त्यांना अडचण असते ती अनिश्चिततेची. “कधी संपणार?” या प्रश्नाला दरवर्षी “अजून दोन वर्षे” असे उत्तर मिळाले की तिसऱ्या वर्षी त्यांचा विश्वास उडतो, आणि तो उडाला तर त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. वर्षांऐवजी टप्पे सांगावेत: कोर्सवर्क झाले, आराखडा मंजूर झाला, पहिला हंगाम पूर्ण झाला, सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) दिला, सबमिशन झाले, व्हायवा (तोंडी परीक्षा) राहिला. टप्पे मागेपुढे होतात, पण कोणता पार पडला हे निर्विवाद असते आणि आजीलाही ते शेजारणीला सांगता येते.

दुसरी गोष्ट, शक्य असेल तर आईवडिलांना एकदा प्रयोगशाळेत न्यावे. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी वडिलांना त्यांच्याच बागेतले तेलकट डाग पडलेले पान सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावे: पानाच्या खालच्या बाजूने, पर्णरंध्रांतून बाहेर आलेले बारीक फांद्याळ दांडे आणि त्यांच्या टोकांना लटकलेले लिंबाच्या आकाराचे बीजाणू. ज्या रोगासाठी त्यांनी रात्री उठून फवारणी केली, त्याचे रूप पाहिल्यावर ‘मुलगी तिथे नक्की करते काय’ हा प्रश्न बहुधा पुन्हा येत नाही. ज्या घरात दुभती म्हैस आहे, त्या घराला तर संवर्धन, म्हणजे प्रयोगातला जीव सतत जिवंत राखणे, काय असते हे एका वाक्यात कळते, कारण धार काढायला दोन्ही वेळा घरचे कोणीतरी लागतेच हा नियम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला असतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ज्या दिवशी खरोखर प्रयोग आहे त्याच दिवशी प्रयोगाचे कारण सांगावे. नको असलेले बारसे, कंटाळवाणी पूजा किंवा चुलत्यांशी गप्पा टाळण्यासाठी “लॅबमध्ये काम आहे” हे वाक्य वापरण्याची सवय लागली, की खऱ्या अडचणीच्या दिवशी त्याला वजन राहत नाही. तसेच नकार देताना आपण केव्हा येऊ शकू हे लगेच सांगावे. लग्नाला पूर्ण दोन दिवस जमत नसेल तर सीमांतपूजनाला न येता मुहूर्तावर येतो, असे महिनाभर आधी सांगितलेले कोणी मनाला लावून घेत नाही.

स्त्री संशोधकांसाठी काही तरतुदी आहेत आणि त्या पहिल्याच वर्षी वाचून ठेवाव्यात. २०२२ च्या नियमावलीनुसार महिलांना कमाल मुदतीत आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते, आणि विवाहामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावे लागल्यास अटींच्या अधीन राहून संशोधनाची सामग्री तेथील संस्थेकडे हस्तांतरित करता येते. लग्न ठरत असताना “पीएच.डी. पूर्ण करू देऊ” एवढ्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. सासर नाशिकमध्येच असले तरी प्रयोगाच्या आठवड्यात रात्री किती वाजता घरी येणे होईल, रविवारी जावे लागेल का, सणाच्या दिवशी काय करायचे, या तीन गोष्टी दोन्ही घरांसमोर, होणाऱ्या नवऱ्याच्या उपस्थितीत बोलून घ्याव्यात. हे बोलणे अवघड असते, मान्य आहे. परंतु बैठकीत देण्याघेण्यावर तासभर चर्चा करणाऱ्या मंडळींनी यासाठी दहा मिनिटे द्यायला हरकत नसावी. गर्भधारणेचा विचार सुरू होताच मार्गदर्शकांना सांगून इथिडियम ब्रोमाइड, फिनॉल, ॲक्रिलामाइड, फॉर्मामाइड या घातक रसायनांशी संबंध येणारे काम दुसऱ्याकडे सोपवावे. तिसऱ्या महिन्यापर्यंत गुप्तता पाळण्याची घराघरांतली रीत येथे बाजूला ठेवावी लागते, कारण सर्वाधिक जपायचे आठवडे तेच असतात.

रात्रीच्या कामाबाबत एक साधा उपाय पुष्कळदा सुचत नाही. दर चार तासांनी नमुना घ्यायचा असेल आणि प्रयोग दुपारी सुरू केला असेल, तर मध्यरात्रीची वेळ हटकून येते. तोच प्रयोग पहाटे सहाला सुरू केला तर सोळा तासांचे पाचही नमुने रात्री दहापर्यंत हाती येतात. चोवीस तासांचीच गरज असेल तर दोघींनी मिळून थांबावे आणि महाविद्यालयाची लेखी परवानगी सुरक्षारक्षकाकडे आधी पोहोचलेली असावी.

पैसा

सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. रक्कम कागदावर समाधानकारक दिसते, पण तिच्याबाबत दोन गोष्टी आधीच गृहीत धराव्यात. एक, कोणतीही अधिछात्रवृत्ती दरमहा ठरलेल्या तारखेला येईलच असे नाही. प्रमाणपत्रे, हजेरी आणि अहवाल यांच्या फेऱ्यांत काही महिने थांबून ती एकदम येते. दोन, ती साधारणपणे पाच वर्षांपुरती असते आणि प्रबंधाची मुदत सहा वर्षांची आहे. म्हणजे शेवटचे, सर्वांत दमछाकीचे वर्ष बिनपैशाचे जाऊ शकते. एकरकमी थकबाकी जमा झाली की तिच्यातून दुचाकी घेण्याआधी निदान सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात काढून ठेवावा, आणि घरी पैसे देत असाल तर दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. एखाद्या महिन्यात भरपूर आणि पुढचे चार महिने काहीच नाही, यातून गैरसमज होतात.

ज्यांना अधिछात्रवृत्ती नाही असे अनेकजण तासिका तत्त्वावर शिकवून खर्च भागवतात. शिकवण्याने विषय पक्का होतो, हे खरे. पण मानधन तासांवर मोजले जाते, सुटीच्या महिन्यांत ते नसते, आणि प्रात्यक्षिकांचे दिवस नेमके प्रयोगांच्या दिवसांवर येतात. म्हणून तासिका स्वीकारताना आठवड्यातले दोन सलग दिवस मोकळे राहतील एवढाच भार घ्यावा. सहा दिवसांत विखुरलेले बारा तास हे दोन दिवसांत गोळा केलेल्या बारा तासांपेक्षा संशोधनाला फार महाग पडतात. नोकरीत राहून अर्धवेळ नोंदणी करणाऱ्यांनी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेताना त्यात प्रयोगशाळेसाठी मिळणारा वेळ नमूद करून घ्यावा.

रसायने स्वतःच्या पैशाने आणू नयेत. एन्झाइम, प्राइमर किंवा किट संपले, प्रयोग अडला, बिल मंजूर व्हायला दोन महिने लागणार, अशा वेळी हात खिशाकडे जातोच. सीएसआयआरच्या अधिछात्रवृत्तीबरोबर वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी असतात, पण रेण्वीय कामात ते एक-दोन किटमध्ये संपू शकतात. आणावेच लागले तर मार्गदर्शकांची ईमेलवर संमती घ्यावी, बिल संस्थेच्या नावाने करावे आणि त्याची नोंद एका वहीत ठेवावी.

मार्गदर्शक

ज्यांच्याकडे नोंदणी करायची त्यांची कीर्ती विचारण्याआधी तीन कोरडे प्रश्न विचारावेत. त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत? नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. त्यांची निवृत्ती केव्हा आहे? निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि चार-पाच वर्षे उरली असतील तर पुढे काय, हे आधीच ठरवून घ्यावे. त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली? हा तिसरा प्रश्न त्या विद्यार्थ्यांनाच विचारावा, आणि शक्यतो प्रयोगशाळेच्या बाहेर, कॉलेज रोडवर चहा पिताना, म्हणजे उत्तर मोकळेपणाने मिळते.

पुढे दर आठवड्याला मार्गदर्शकांना एक पान लिहून पाठवण्याची सवय ठेवावी: काय केले, काय निघाले, पुढे काय करणार, कशात अडलो. सर किंवा मॅडम उत्तर देतीलच असे नाही. तरीही मतभेदाच्या वेळी, “मी हे सांगितलेच नव्हते” अशा वादात ही पाने उपयोगी पडतात, आणि आरएसीचा अहवाल त्यांतूनच तयार होतो. मार्गदर्शकांची खासगी कामे, मुलांच्या शिकवण्या, परिषदेच्या जेवणाची व्यवस्था, या गोष्टी आपल्याकडे आदराच्या नावाखाली विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतात. एखाद्या वेळी केलेली मदत वेगळी. नियमित होऊ लागले तर तक्त्यावर बोट ठेवून, “सर, या आठवड्यात चकत्या बदलायच्या आहेत” असे नम्रपणे म्हणावे. जीवाच्या वेळापत्रकाचा असाही एक फायदा आहे. अपमान, धमकी किंवा लैंगिक छळ असेल तर नम्रतेचा प्रश्नच उरत नाही: तारीखवार नोंद ठेवावी आणि आरएसी, विभागप्रमुख किंवा संस्थेची अंतर्गत तक्रार समिती यांच्याकडे लेखी जावे.

प्रयोग फसतो तेव्हा

जीवशास्त्रात अपयश रोजचे असते, आणि ते बहुधा निनावी येते. जुलै महिन्यात हवा दमट झाली की पेट्रीडिशमध्ये हिरवी-काळी बुरशी उगवू लागते. तीन वेळा असे झाले की विद्यार्थी मनात म्हणू लागतो की आपला हातच वाईट आहे. हे वाक्य मनात स्थिरावण्याआधी गुन्हेगार शोधण्याची पद्धत वापरावी. एकाच दिवशी तयार केलेल्या माध्यमाच्या चार डिश घ्याव्यात. पहिली न उघडता तशीच उबवणीत ठेवावी. दुसरी लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक कपाटात, अर्धा तास उघडी ठेवावी. तिसरीवर नेहमीच्या हालचाली कराव्यात पण रिकाम्या सुईने. चौथीवर फक्त निर्जंतुक पाणी टाकावे. पहिलीत वाढ झाली तर दोष माध्यमात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, आहे, दुसरीत झाली तर लॅमिनारच्या फिल्टरमध्ये, तिसरीत झाली तर हाताच्या सवयीत, चौथीत झाली तर पाण्यात. ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे निर्जंतुकीकरण झाले, असे समजू नये. पट्टी फक्त उष्णता पोहोचल्याचे सांगते, १२१ अंशांवर १५ पौंड दाब पंधरा-वीस मिनिटे टिकला का हे सांगत नाही. अनेकदा शेवटी झाकणाचे रबर झिजलेले सापडते, आणि त्या रबराचे दुःख विद्यार्थी महिनाभर स्वतःवर ओढून बसलेला असतो.

फसलेल्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि किती वेळा फसल्यावर ती पद्धत सोडायची हे सुरू करण्यापूर्वीच मार्गदर्शकांशी ठरवावे. ही मर्यादा ठरलेली नसली की एकाच पीसीआरमागे (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीमागे) वर्ष जाते. नमुने नेहमी दोन ठिकाणी असावेत. जीवाणू ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवता येतात, त्यांचा एक संच दुसऱ्या महाविद्यालयातल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायला द्यावा. मे महिन्याच्या वळवाने वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर सगळे काम एका रात्रीत वितळत नाही. माहितीचीही तीच गोष्ट. आपला विषय दुसऱ्या कोणी आधी प्रसिद्ध केला तर धक्का बसतो, पण नाशिकच्या बागांतले नमुने, इथले हवामान आणि इथल्या फवारण्या हे दुसऱ्याकडे नसते; निष्कर्ष तयार असतील तर बायोआर्काइव्हसारख्या प्रीप्रिंट (नियतकालिकात छापण्याआधीच्या लेखांच्या) संग्रहावर टाकून तारीख पक्की करता येते.

मनाच्या बाबतीत आकडे डोळ्यांआड करू नयेत. नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या, २६ देशांतील २,२७९ विद्यार्थ्यांच्या पाहणीत ४१ टक्के जणांत मध्यम ते तीव्र चिंता आणि ३९ टक्के जणांत त्याच पातळीचे नैराश्य दिसले. पाहणीत भाग घेणारे स्वेच्छेने आले होते, म्हणून हे प्रमाण जसेच्या तसे सगळ्यांना लावू नये. तरी काम व खासगी आयुष्य यांचा तोल नसणे आणि मार्गदर्शकाचा आधार न वाटणे यांच्याशी त्रासाचा संबंध त्यात स्पष्ट होता. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरावेसे वाटत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या आरएसीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. “एवढे शिकून असे कसे?” असे घरात कोणी म्हणेल. म्हणू द्यावे.

शरीराबद्दल थोडक्यात. पिपेटने अंगठा दुखू लागला की दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात मोकळा करावा, बुरशीच्या बीजाणूंची किंवा प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी अंगावर काढू नये, आणि लॅमिनारचा अतिनील दिवा बंद झाल्याशिवाय आत हात घालू नये.

नाशिकमध्ये राहून करण्याचा एकटेपणा

पुणे किंवा मुंबईच्या मोठ्या संस्थेत एका मजल्यावर पन्नास संशोधक असतात. नाशिकच्या महाविद्यालयांतील संशोधन केंद्रांत आपल्या विषयाचे आपण एकटेच असण्याची शक्यता मोठी. त्याचा फायदा असा की घरी राहता येते आणि शेत, धरण, डोंगर तासाभरावर असतात. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, जानेवारी २०२० मध्ये घोषित झालेले, दुचाकीने गाठता येते. तोटा असा की अडले तर विचारायला शेजारी कोणी नसते. यावर उपाय म्हणून गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि पंचवटी भागातील वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या पाच-सहा विद्यार्थ्यांनी पंधरवड्यातून एकदा एक शोधनिबंध एकत्र वाचावा. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे मिश्रण असले तर उत्तम, कारण मग “माझ्या सुटीत तुझ्या माश्या मी बदलतो, माझ्या चकत्या तू बदल” हा व्यवहारही सुरू होतो. दिवाळीला चार दिवस घरी राहता येण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. त्यासाठी कामाची पद्धत एका पानावर, माध्यमाच्या प्रमाणांसह, मराठीत लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवावी.

मोठ्या उपकरणांसाठी पुण्याला जावेच लागते, आणि नाशिकहून संगमनेर, आळेफाटा, नारायणगावमार्गे हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास एसटीने पाच-सहा तास खातो. चंदनापुरी घाटात बस अडकली असताना मांडीवर बर्फाची पेटी घेऊन बसणे टाळायचे असेल, तर डीएनएसाठीची पाने सिलिका जेलमध्ये वाळवून न्यावीत. ती साध्या तापमानाला टिकतात. आरएनएच्या नमुन्यांना ही सवलत नाही, त्यांना कोरडा बर्फ किंवा संरक्षक द्रावण हवे. उपकरणाची वेळ सकाळची मिळाली तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जावे, आणि एका फेरीत निदान दोन कामे उरकावीत.

शेवटचे वर्ष

लेखन शेवटच्या वर्षावर ढकलू नये. पद्धतींचे प्रकरण प्रयोग चालू असतानाच लिहून होते. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतर लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई होत नाही, पण स्वतःच्याच जुन्या लेखातील वाक्ये उचलतानाही काळजी घ्यावी. २०२२ च्या आयोगाच्या नियमावलीत शोधनिबंधाची सक्ती राहिलेली नाही. तरी आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे हे परिपत्रकातूनच तपासावे, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नये. सबमिशनच्या महिन्यात घरात कोणतेही मोठे कार्य येऊ नये म्हणून सहा महिने आधी तक्त्यावर तो महिना लाल करून ठेवावा.

प्रबंध सादर झाला की मूल्यमापन सहा महिन्यांत पूर्ण व्हावे अशी नियमाची अपेक्षा आहे. या काळात अधिछात्रवृत्ती नसते आणि पदवीही नसते, म्हणून अर्ज, मुलाखती किंवा प्रकल्पातील तात्पुरते पद यांची तयारी सबमिशनच्या आधीच सुरू करावी. जीवांचे काय करायचे, हेही तेव्हाच ठरवावे. ज्या नमुन्यांची पुढे गरज आहे ते, शेवटच्या फेरीची तारीख आणि मूळ बागेचे नाव लिहून, नव्या विद्यार्थ्याच्या हवाली करावेत आणि दोन-तीन फेऱ्या त्याच्या शेजारी उभे राहून करून घ्याव्यात. उरलेले ऑटोक्लेव्ह करून टाकावेत आणि त्याची नोंद वहीत करून मार्गदर्शकांची सही घ्यावी.